गोगलगायीला सोलापूरचं पाणी मानवतं

नमस्कार मंडळी. टेबलावर दोन रिकामे शंख ठेवलेत. पुढे या, हातात घेऊन बघा. दोन्ही एकाच जातीचे, फिशटँकमध्ये पाळतात त्या मिस्ट्री स्नेल नावाच्या गोगलगायीचे, सुपारीपेक्षा थोडे मोठे. पहिला पिवळाधमक, गुळगुळीत, बोटांनी दाबला तरी दबत नाही. दुसऱ्याचं टोक खडूसारखं पांढरं पडलंय, त्यावर अंगठा फिरवला की भुकटी लागते, आणि तोंडाची कड कागदाइतकी पातळ झालीय. पहिली गोगलगाय जड पाण्यात वाढली, दुसरी आरओच्या पाण्यात.

घरात ज्या पाण्याला आपण नावं ठेवतो, ज्यानं गीझरची कॉइल जाते, नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसतो, डाळ लवकर शिजत नाही, तेच पाणी या प्राण्याला हवं असतं. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, जिला आपण ढोबळपणे चुना म्हणू. हा चुना गोगलगाय थोडा खाण्यातून घेते आणि बराचसा थेट पाण्यातून शोषते. आरओच्या पाण्यात तो जवळपास नसतोच. शिवाय त्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लपणा दाखवणारा आकडा, टिकत नाही. माशांच्या विष्ठेनं तो सातच्या खाली घसरला की आधीच तयार असलेला शंखही विरघळू लागतो. सगळ्यात जुना भाग म्हणजे टोक, म्हणून पांढरेपणा तिथून सुरू होतो. टोक एकदा झिजलं की ते भरून येत नाही. पाणी सुधारलं तर फक्त तोंडाकडची नवी वाढ चांगली येते. त्यामुळे ‘माशांना स्वच्छ पाणी द्यावं’ म्हणून आरओचं पाणी भरणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हे करू नका.

आकडे सांगतो. पीएच ७.२ ते ८.२, एकूण जडपणा म्हणजे जीएच ८ ते १५ अंश, आणि केएच, म्हणजे पीएच टिकवून धरणारे कार्बोनेट, ५ अंशांच्या वर. फिशटँकच्या दुकानात थेंबांचं किट मिळतं. पाच मिलिलिटर पाण्यात थेंबाथेंबानं औषध टाकायचं, रंग बदलेपर्यंत जितके थेंब लागतील तितके अंश. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम जडपणा. टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो मिठाचाही आकडा दाखवतो आणि चुन्याचाही, दोघांतला फरक त्याला कळत नाही. बोअरचं पाणी मचूळ लागत असेल तर एकटं वापरू नये, उजनी धरणाच्या नळाच्या पाण्यात निम्मं मिसळून पुन्हा मोजावं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. इथे पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, म्हणून घरोघरी ते साठवलेलं असतंच. उघड्या बादलीत किंवा पिंपात २४ तास राहिलेल्या पाण्यातलं क्लोरीन बहुतेक उडून जातं. झाकणबंद टाकीत मात्र ते टिकतं. घाई असेल तर हायपो वापरा, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. १० ग्रॅम हायपो एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवायची आणि दहा लिटरच्या बादलीला त्यातलं १० मिलिलिटर घालायचं. डासांच्या अळ्यांसाठी पिंपात औषध टाकलं असेल तर ते पाणी टँकला वापरू नका. ते औषध कीटकनाशकच असतं, तिथे शंकेला जागा ठेवू नये.

आता तांब्याकडे येतो, कारण आपल्याकडे हा धोका घरातच मांडून ठेवलेला असतो. तांब्याचा हंडा, तांब्याची घागर, रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, दुसरा स्रोत नसेल तर लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालवून घेतलं आहे. गोगलगायीच्या बाबतीत लिटरमागे मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहून कमी तांबंही जीवघेणं ठरू शकतं. यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. बहुतेक गोगलगायींच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोसायनिन तांब्याचंच असतं, म्हणून त्यांचं रक्त फिकट निळं दिसतं. पण तिथलं तांबं प्रथिनात बांधलेलं असतं. पाण्यात सुटं असलेलं तांबं कातडीतून शिरतं आणि शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडवतं. मग गोगलगाय आत ओढली जाते आणि बाहेर येत नाही, किंवा अर्धवट बाहेर लोंबत राहते. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की जी औषधं दिली जातात, त्यांतल्या बऱ्याच औषधांत कॉपर सल्फेट असतं. बाटलीवरची घटकांची यादी वाचल्याशिवाय एक थेंबही टाकू नका. आजारी मासा वेगळ्या बादलीत काढून त्याला तिथेच औषध द्या. औषध चुकून टँकमध्ये पडलंच तर गोगलगायी लगेच दुसऱ्या पाण्यात हलवा. काचेचं सिलिकॉन आणि वाळू तांबं धरून ठेवतात, त्यामुळे नुसतं पाणी बदलून भागत नाही.

टँकचं माप साधं ठेवा, दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ ५४ लिटर होतात, पण आपण काठापासून तीन इंच खाली थांबायचं, म्हणजे ४० लिटर. एवढ्यात मिस्ट्री स्नेल तीन, फार तर चार. वरची तीन इंच जागा मोकळी का? या जातीला कल्ला असतो आणि फुप्फुसही असतं. ती वर येते, नळीसारखी सोंड पाण्याबाहेर काढते आणि भात्यासारखं अंग हलवत हवा ओढते. पाणी झाकणाला टेकलं तर तिचा एक श्वासमार्गच बंद होतो. अंडीही ती पाण्याच्या वरच्या काचेवर घालते. झाकण मात्र हवंच. रात्री ती चढून बाहेर येते आणि शहाबादी फरशीवर पडली की शंख तडकतो. नळीसाठी सोडलेल्या भोकात स्पंजचा तुकडा कोंबा.

फिल्टर स्पंजचा घ्या, एअर पंपवर चालणारा. मोटारीचा फिल्टर असेल तर त्याच्या शोषणाऱ्या तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर पिल्लं आत जातात आणि मोठ्यांच्या मिशा अडकतात. टँक भरला की लगेच गोगलगाय सोडायची नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहा आणि किटनं मोजत राहा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरमागे २० ते ४० मिलिग्रॅमच्या आत, हे आठवडाभर टिकलं की मगच आणा. आणल्यावर पिशवीतल्या पाण्यात टँकचं पाणी दर दहा मिनिटांनी अर्धा कप घालत तासभर थांबा आणि मग हातानं उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

उचलताना ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ हे शब्दशः लक्षात ठेवा. तिचा सगळा पाय म्हणजे पोटाखालचा तो स्नायू, आणि तो काचेला चिकटलेला असतो. शंख धरून सरळ ओढलं तर शंखाशी जोडलेला स्नायू फाटतो आणि ती वाचत नाही. आडवं, हळूहळू सरकवायचं. सोडत नसेल तर नाद सोडून द्यायचा.

खरी परीक्षा मार्च ते जून. मिस्ट्री स्नेलला २२ ते २८ अंश मानवतं. सोलापुरात बाहेर ४२-४३ असताना पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत टँक सहज ३४ वर जातो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, २० अंशांना लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम, ३० ला ७.५, ३५ ला ६.९. त्याच वेळी प्राण्याची भूक आणि श्वासाची गरज वाढते, खाद्य लवकर कुजतं, आयुष्यही झपाट्यानं सरतं. बर्फाची बाटली टाकणारे पुष्कळ आहेत. हिशेब करा: अर्धा लिटर बर्फ पूर्ण वितळून टँकच्या तापमानाला आला तरी ४० लिटर पाणी जेमतेम दीड अंशानंच उतरतं. पंखा कितीतरी जास्त काम करतो. आपली हवा कोरडी आहे, कूलर इथे चालतो त्याच कारणानं हेही चालतं. दुपारी काचेचं झाकण काढून मच्छरदाणीची जाळी चिमट्यांनी घट्ट बसवा आणि छोटा पंखा पाण्यावर तिरपा लावा. दोन ते चार अंश उतार मिळतो. पंख्याची वायर विजेच्या बोर्डाकडे जाताना खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही.

पंख्यानं पाणी उडतं, पण क्षार मागे राहतात. उडालेल्या पाण्याची भर बोअरच्या पाण्यानं घालत राहिलात तर मे अखेर जडपणा कुठच्या कुठे जातो. आरओच्या पाण्याची जागा इथे आहे: उडालेल्या पाण्याची भरपाई आरओनं, आणि आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं ते नळाच्या मुरवलेल्या पाण्यानं. गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी थेट ओतू नका. ते रात्रभर घरात ठेवून सकाळी वापरा.

खाण्याचं थोडक्यात. लक्ष्मी मंडईतून आणलेल्या भाजीवर फवारणीचा अंश असू शकतो, म्हणून सोलता येणारी भाजी बरी: दुधी, दोडका, काकडी, गाजर. पाव इंचाच्या चकत्या दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मीठ न घालता, गार करून टाकायच्या. पालक चालतो, पण त्यातला चुना ऑक्झॅलेटनं अडवलेला असतो. शेवग्याचा पाला त्याहून चांगला. चार गोगलगायींना आठवड्यातून तीन वेळा एकेक चकती, आणि उन्हाळ्यात उरलेली आठ-दहा तासांत बाहेर. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस, म्हणजे माकूळ या समुद्री प्राण्याचं चुन्याचं हाड, मिळतो, त्याचा बोटभर तुकडा टँकमध्ये ठेवा. पीएच आठच्या पाण्यात तो फारसा विरघळत नाही, म्हणून पाणी जड करायला त्याचा उपयोग नाही. पण गोगलगाय आपल्या दातेरी जिभेनं तो खरवडून खाते, आणि तेवढं पुरतं.

सोबतीला गप्पी, मोली, प्लॅटी हे मासे. त्यांनाही जड पाणीच आवडतं. फायटर मासा तिच्या मिशा तोडतो, पफर आणि लोच हे मासे तिला खातात, कासव तर शंखासकट फोडतं.

कंबर तलावातून किंवा हिप्परग्याच्या तळ्यातून गोगलगाय उचलून आणण्याचा मोह मुलांना होतो. हे होऊ देऊ नका. आपल्या पाणवठ्यांतली चपटी, चकलीसारखी दिसणारी इंडोप्लॅनॉर्बिस गुरांच्या रक्तकृमींची वाहक आहे, लिम्निया यकृतकृमींची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५० च्या दशकात माणसांमध्ये शिस्टोसोमा या रक्तकृमीचा आजार आढळला, तोही पाण्यातल्या गोगलगायीशीच जोडलेला होता. टँकमध्ये वाढलेली गोगलगाय घ्या, आणि तीही दोन-तीन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवून मग मिसळा. हात घालण्याआधी साबण, सॅनिटायझर, क्रीम काहीही न लावता नुसत्या पाण्यानं धुवा. काम झाल्यावर साबणानं धुवा. बदललेलं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये न ओतता कुंड्यांना घाला.

हाच नियम उलट्या दिशेनंही लागू आहे. नको झालेली गोगलगाय तळ्यात सोडायची नाही. मिस्ट्री स्नेलची जवळची बहीण, पोमेशिया कॅनालिक्युलाटा, १९८० च्या दशकात खाण्यासाठी म्हणून दक्षिण अमेरिकेतून आग्नेय आशियात नेली गेली. तिनं तिथली भातशेती फस्त केली आणि आजही ती हटलेली नाही. पिल्लं दोघींचीही दिसायला सारखीच. काचेवर फिकट गुलाबी, मधमाशीच्या पोळ्यासारखा गुच्छ दिसला की ती मिस्ट्री स्नेलची अंडी. दोन ते चार आठवड्यांत त्यातून पिल्लं निघतात. नको असतील तर पट्टीनं अलगद सुटा करा, पिशवीत घालून २४ तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग कचऱ्यात टाका.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: दोन दिवस हललीच नाही, तर मेली हे कसं ओळखायचं? तरंगणारी गोगलगाय मेलेलीच असते असं नाही, कधी फुप्फुसात हवा भरलेली असते. बाहेर काढा, तोंडाच्या झाकणाला बोट लावा. ती झाकण आत ओढते आहे, तर जिवंत. झाकण लोंबतंय, अंग सैल आहे, तर वास घ्या. मेलेल्या गोगलगायीचा वास एकदा घेतला की विसरत नाही. शंका असेल तर टँकचंच पाणी वाटीत घेऊन तिला रात्रभर त्यात ठेवा, टँकमध्ये नको. एक मेलेली गोगलगाय ४० लिटर पाण्यात रातोरात अमोनिया चढवू शकते आणि बाकीच्या तीन त्यात जातात. ती मेलीच असेल तर लगेच निम्मं पाणी बदला, सकाळी पुन्हा अमोनिया मोजा आणि शून्य येईपर्यंत त्या दिवसाची चकती टाकू नका.