सप्टेंबरात फीडर उतरवू नका

मंडळी, हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्यांसाठी आपण साखरपाण्याचं भांडं, म्हणजे फीडर, टांगतो. सप्टेंबर लागला की इथं ह्यूस्टनमध्ये मला हमखास विचारतात, "आता फीडर उतरवायचा ना? नाहीतर पक्षी इथंच रेंगाळतील." बरीच वर्षं इथं राहिलेली माणसंही हे खात्रीनं सांगतात. पण हमिंगबर्डला निघायची वेळ कळते ती लहान होत जाणाऱ्या दिवसावरून. तुमच्या साखरपाण्यात त्याला अडवून ठेवायची ताकद नाही.

आपल्याकडे सध्या गर्दी आहे ती लाल गळ्याच्या रुबी-थ्रोटेड जातीच्या हमिंगबर्डची. उन्हाळा कॅनडाचा दक्षिण भाग आणि पूर्व अमेरिकेत, हिवाळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत. एरवी वजन ३ ग्रॅमच्या आसपास, प्रवासाआधी चरबी साठवून जवळजवळ दुप्पट. काही पक्षी मेक्सिकोचं आखात, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर पाणी, एका दमात ओलांडतात. बरेचसे टेक्सासच्या किनाऱ्यानं खाली सरकतात. तिथल्या रॉकपोर्ट गावात तर दर सप्टेंबरात त्यांच्या नावानं उत्सव भरतो.

नर आधी निघतात, मग माद्या, शेवटी यंदाची पिलं. प्रत्येक जण एकटा. वाट दाखवायला आई बरोबर नसते; बाप तर पिलं वाढवायलाही नव्हता. म्हणून नर दिसेनासे झाले की "संपला सीझन" म्हणू नका. आणि रोज तोच एक पक्षी येतो, हाही भास. पक्ष्यांच्या पायात कडी घालून अभ्यास करणाऱ्यांना ठाऊक आहे की या दिवसांत चेहरे सतत बदलत असतात. शेवटचा पक्षी दिसल्यानंतरही दोन आठवडे फीडर राहू द्या.

आता पाणी. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. बस. लाल रंग नको, फीडरचा लाल भाग पुरतो. आपल्या घरांत हमखास कुणीतरी म्हणतं, "साखर वाईट, गूळ घाला ना!" गूळ, ब्राऊन शुगर, काकवी, काही नको. त्यातलं लोह या पक्ष्यांना बाधतं. मधाचं पाणी लवकर आंबतं, त्यावर बुरशी धरते. शुगर-फ्री गोळ्या तर नकोच. त्याला कॅलरीच हव्या आहेत, डाएट आपलं चाललंय.

ह्यूस्टनच्या सप्टेंबरात हे पाणी फार टिकत नाही. दिवसाआड बदला, उकाडा जास्त असेल तर रोज. गढूळ दिसायची वाट पाहू नका. प्रत्येक वेळी गरम पाणी आणि ब्रशनं घासा, काळी बुरशी दिसली तर व्हिनेगर वापरा आणि भरपूर पाण्यानं खळबळून घ्या. फीडर अर्धाच भरा, फेकताना जीव जळत नाही.

मुंग्यांसाठी आजीचीच युक्ती. दुधाच्या कपाटाच्या पायांखाली ती पाण्याच्या वाट्या ठेवायची, तशी पाण्याची वाटी इथं फीडरच्या वर अडकवलेली मिळते. तारेला तेल किंवा व्हॅसलीन फासू नका, पिसं चिकटतात. कीटकनाशकही मारू नका. बारीक माश्या आणि कोळी हे त्याचं रोजचं जेवण आहे. प्रार्थनाकीटक फीडरवर बसलेला दिसला तर मात्र उचलून दूर ठेवा. हमिंगबर्ड पकडून खातो तो, खरंच.

एकच पक्षी बाकीच्यांना हुसकावत असेल तर दुसरा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला, त्याच्या नजरेआड टांगा. कुंपणालगत टर्क्स कॅप लावा. इथलंच झुडूप आहे, न उमलणाऱ्या, गुंडाळलेल्या जास्वंदीसारखी लाल फुलं येतात.

भारतातून आलेले आईबाबा म्हणतील, "हे तर आमच्या बागेत येतात." ते शिंजीर, सूर्यपक्षी. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आहेत.

आता वहिनींनी मघाशी चिठ्ठी पाठवली, तिचं उत्तर. आपल्या भागात हिवाळ्यातही फीडर ठेवावा का? ठेवावा. पश्चिमेकडचे तांबूस रूफस हमिंगबर्ड, काही तर पार अलास्काच्या बाजूचे, आखाताच्या किनाऱ्यावर हिवाळा काढतात. पण डिसेंबरात तुम्ही तीन आठवडे पुण्याला जाणार असाल, तर शेजाऱ्यांना पाणी बदलायला सांगा. तेवढं जमणार नसेल तर फीडर धुऊन खुशाल आत ठेवून जा. पक्षी दुसरीकडे खातील. आंबलेलं पाणी टांगून जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं.