एकच चर्च, दोन उजेड

पॅरिससाठी कल्पिलेल्या एका महाचर्चचा हा अंतर्भाग. फ्रेंच वास्तुकार एत्येन-लुई बुले यांनी १७८१-८२च्या सुमारास तो कागदावर उभा केला. बांधला मात्र कधीच गेला नाही. आत उजेडाचा झोत दिसतो, पण तो येतो कुठून ते दिसू द्यायचं नाही, हा त्यांचा आग्रह होता.

म्हणून चित्रं दोन. एक कॉर्पस क्रिस्टी या कॅथलिक सणाचं, उन्हाळ्यातलं, लख्ख. दुसरं ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या टेनेब्रे, म्हणजे ‘अंधार’, या उपासनेचं. त्या उपासनेत परंपरेने पंधरा मेणबत्त्या एकेक करून मालवतात आणि शेवटची, न विझवता, आडोशाला नेतात.

आता असं चित्र रचतात कसं ते पाहू. क्षितिजरेषा उभ्या माणसाच्या डोळ्याइतकी खाली धरायची. मग खांब आपोआप अंगावर येतात. समोरून पाहताना पिपासारख्या छताच्या कमानी कितीही दूर गेल्या तरी अर्धवर्तुळच राहतात, फक्त लहान होत जातात. त्यामुळे कंपासने काढता येतात. छतातल्या चौकोनी खोबण्यांसाठी पहिल्या कमानीचे समान भाग करून प्रत्येक खूण लोपबिंदूला, म्हणजे मागे जाणाऱ्या रेषा जिथे एकत्र येताना दिसतात त्या बिंदूला, जोडायची. चूक होते ती मागे जाणाऱ्या अंतरांत: दोन कमानींमधलं अंतर अंदाजाने घेतलं की छत मध्येच वाकल्यासारखं दिसतं. ते कर्णरेषेनेच काढावं. आणि दृष्टीचा कोन फार रुंद घेतला, तर कडेचे गोल खांब मधल्यांपेक्षा जाड दिसू लागतात.

मग शाई. कागद ओला करून कडा फळीला चिकटवायच्या, म्हणजे सुकताना तो ताणून बसतो. हे टाळलं तर कागद फुगतो आणि खळग्यांत शाई साचते. फळी किंचित तिरकी ठेवून, पाण्याने पातळ केलेल्या शाईचा ओघळ ब्रशने वरून खाली आणायचा. एक थर पुरता सुकल्यावरच दुसरा. घाई केली की सावलीची कड पसरते. टेनेब्रेसारखा काळोखसुद्धा एका दाट थरात येत नाही. तसा केला तर तो मेलेला, डागाळ दिसतो. पातळ थरांवर थर चढले, तर अंधारातही खांब ओळखू येतात.

घुमटाखालचा उजेड मात्र रंगवलेला नसतो. तो कोरा कागद आहे, पहिल्या थरापासून जपलेला. तिथे एकदा शाई गेली, तर स्पंजाने ती फिकी होते, चाकूने खरवडली तर कागदाचा पोत उखडतो. तो पहिला पांढरा काही परत मिळत नाही.