वॉरंटी सुरीची, धारेची नव्हे

नमस्कार श्रोतेहो. नवी सुरी घेताना बहुतेक जण पात्यावर हळूच अंगठा फिरवून बघतात. त्यातून फारसं काही कळत नाही, कारण महाग काय नि स्वस्त काय, सुरी कारखान्यातून धार लावूनच येते. ती धार टिकेल किती आणि गेल्यावर पुन्हा लागेल कशी, ते विचारा.

हे ठरतं पोलादावर आणि ते तापवून कसं कडक केलंय त्यावर. सुरीच्या माहितीत 'एचआरसी' लिहून पुढे आकडा दिलेला असतो, तो कठीणपणाचा. जर्मन धाटणीच्या सुऱ्या साधारण ५६ ते ५८, जपानी धाटणीच्या बऱ्याचशा ६० किंवा त्याहून वर. पण मोठ्या आकड्याला भुलू नका. कठीण पोलादाला एकेका बाजूने सुमारे १५ अंशांची निमुळती धार लावता येते आणि ती टिकतेही. मात्र मध्ये हाड आलं किंवा गोठलेल्या मांसावर सुरी चालवली, की टवका उडतो. तुलनेने मऊ पोलादाची धार अशा वेळी बहुधा नुसती मुडपते, पोलादी कांडीवरून दोन-चारदा ओढली की सरळ होते. घरात एकच सुरी सगळ्यांच्या हाताखाली जाणार असेल, तर मी ही मऊ पोलादाचीच घ्यायला सांगेन.

आता किंमत. अगदी स्वस्त सुरीवर पोलाद कोणतं, ते लिहिलेलंच नसतं. तिथून एक पायरी वर गेलात की पैशाचं चीज होतं. त्याच्या खूप वर मात्र बराचसा पैसा देखणेपणाचा. पात्यावरची ती लाटांसारखी दमास्कस नक्षी बाहेरच्या थरांची असते, कापतो तो मधला थर. (दिसते सुरेख, हे मान्य!) लाकडी ठोकळ्यातला भलामोठा संचही नकोच. वीसेक सेंटिमीटर पात्याची एक, सोलायला एक छोटी आणि ब्रेडसाठी दातेरी, एवढ्यावर भागतं.

आणि वॉरंटी. 'लाइफटाइम' वाचून हुरळून जाण्याआधी खालची बारीक अक्षरं वाचा. पात्यातला दोष किंवा सदोष जोडणीमुळे हलणारी मूठ, एवढंच सहसा त्यात बसतं. धार बोथट झाली, डबा उचकटताना टोक मोडलं, डिशवॉशरमध्ये गंज चढला, तर ते तुमच्या माथी. हो, स्टेनलेसलाही गंज चढतो. त्यातलं किमान १०.५ टक्के क्रोमियम गंजाला अडवतं, पण कायमचं नाही. पावती लागते का, टपालखर्च कोणाचा, हेही विचारून घ्या. काही कंपन्या धार लावून देतात. माझ्या मते ती सोय लांबलचक वॉरंटीपेक्षा जास्त कामाची. ती नसेल तर धारेच्या दगडाची किंमत सुरीच्या किमतीतच धरा. पहिलाच दगड असेल तर १००० ग्रिटचा घ्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा), घरच्या सुऱ्यांना तो पुरतो. नमस्कार.