गालिचा कोण उलगडतंय?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय जुन्या कार्टून सिनेमांविषयी. त्यात कोण दिसतं, कोण दिसत नाही, आणि दिसतं ते कसं दिसतं, याविषयी. पण आधी एक किस्सा. ज्यांनी तो माझ्या तोंडून यापूर्वी ऐकलाय, त्यांनी तेवढ्यात कपड्यांच्या घड्या घालून घ्याव्यात.

माझी भाची तेव्हा सात वर्षांची. आम्ही दोघी डिस्नेचा 'फँटासिया' पाहत होतो, १९४० सालचा. या सिनेमात बोलणं अगदी थोडं. वाद्यवृंद वाजतो आणि त्या सुरांवर चित्रं हलतात. (हल्ली कार्टूनच्या पोस्टरवर आवाज देणाऱ्या नटांचीच नावं ठळक. तो आवाज पोरांना ओळखू येत नाही, आयांना येतो. असो.) तर बेथोवनची सहावी सिंफनी सुरू झाली. ग्रीक पुराणातले अर्धे माणूस, अर्धे घोडे असलेले जीव उतारावर बागडू लागले. मग ढेरपोट्या मद्यदेवाची, बाकसची, स्वारी निघाली. त्याच्यासाठी लाल गालिचा अंथरला जाऊ लागला.

भाची टीव्हीच्या पुढ्यात सरकली. म्हणाली, "मावशी, गालिचा कोण उलगडतंय?"

मी पाहिलं. खरंच कोणी नव्हतं! गालिचा आपला आपणच उलगडत चालला होता. वर्षानुवर्षं हा सिनेमा पाहिलेली मी, पण माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, "जादू असेल गं."

जादू नव्हती. मूळ सिनेमात गालिचा उलगडणारी एक छोटी काळी मुलगी होती. अर्धी मुलगी, अर्धं शिंगरू. सनफ्लॉवर नावाची अशीच एक तर गोऱ्या सुंदरीचे खूर घासून चकचकीत करायची. जाड ओठ, केसांच्या शेंड्या. काळ्या माणसांची त्या काळी अमेरिकेत जी टिंगल चाले, तेच नेमकं चित्र. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टुडिओनं या मुलींना काढून टाकलं. कसं? काही तुकडे कापले, आणि पुढच्या प्रतींत काही ठिकाणी चित्र इतकं मोठं केलं की ती चौकटीबाहेर गेली. मुलगी गेली, गालिचा राहिला. पुन्हा सांगते, मुलगी गेली, गालिचा राहिला.

आणि ही काही एकट्या 'फँटासिया'ची गोष्ट नाही. १९४१च्या 'डंबो'त काळ्या माणसांच्या ढंगात बोलणारे कावळे आहेत, आणि त्यांच्या म्होरक्याचा आवाज क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्या गायकाचा. १९५३च्या 'पीटर पॅन'मध्ये अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना 'लाल माणूस' म्हणत एक अख्खं गाणं रचलंय. चित्रं काढणाऱ्या टेबलांपाशी कोण बसलं होतं, तेही बघा. फ्लॉइड नॉर्मन हे डिस्नेतले पहिले काळे अॅनिमेटर मानले जातात. ते तिथं आले १९५६ साली. आणि डिस्नेच्या सिनेमात काळी राजकन्या आली ती थेट २००९ मध्ये. २०२० साली डिस्नेच्या स्ट्रीमिंग सेवेवर अशा काही सिनेमांआधी एक सूचना येऊ लागली, की हे चित्रण तेव्हाही चुकीचं होतं आणि आजही चुकीचंच आहे; २०२५ मध्ये ती सौम्य केली गेली. सूचना मला कात्रीपेक्षा बरी वाटते. पण ती वाचायला कोणी मोठं माणूस शेजारी हवं ना? मुलाला टीव्हीपुढे बसवून स्वतः दुसऱ्या खोलीत फोनवर बोलत राहणं मला पटत नाही. माझ्या बहिणीला हे ऐकून राग येणार आहे, येऊ दे.

तर किस्सा अजून उरलाय. भाचीला खरं उत्तर द्यायला मला चार वर्षं लागली. ती अकरा वर्षांची झाल्यावर मी तिला जुनं, न कापलेलं चित्र दाखवलं. खूर घासणारी सनफ्लॉवर तिनं बराच वेळ पाहिली. मग आम्ही आमची नेहमीची प्रत लावली. बाकसच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या काळ्या स्त्रिया, अर्ध्या झेब्रा अशा दोघी त्याच्या सेवेत असतात. त्यांना कात्री लागलेली नाही.

"मग यांना का ठेवलं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "त्यांना देखणं काढलंय ना, म्हणून असेल."

"हो, पण काम तर तेच करतायत," ती म्हणाली, आणि सिनेमा मागे नेऊन पुन्हा पाहू लागली.

नमस्कार.