बद्द आवाज : लाकडी होडी आणि तिच्यावरचं कवच

(दृश्य : खाडीकाठ, ओहोटीची वेळ. माडांच्या सावलीत उपडी घातलेली निळी होडी. एक हात नाण्याने तिच्यावर ठोकत ठोकत पुढे सरकतो.)

टक. टक. टक. टक. बद्द.

जरा पुन्हा ऐका. टक… टक… बद्द.

कलिंगड घेताना आपण असंच वाजवून बघतो. इथे मात्र बद्द आवाज आला की सुतारकाका खडूने तेवढ्या जागेभोवती गोल काढतात. आत्तापर्यंत सात गोल झालेत. होडी वीस फुटांची, फळ्यांची आणि लाकूड सागाचं. चार वर्षांपूर्वी मालकाने तिला फायबर मारून घेतलं. वरून निळा रंग चढवला आणि दर वर्षाची कटकट मिटली म्हणून सुटकेचा श्वास सोडला. आजही लांबून पाहाल तर होडी नवीच वाटते.

काका एका गोलात पटाशी लावतात आणि वरून हलकेच ठोकतात. फायबरची कपची उडते. आतून पाणी येतं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. मग बोट घातलं तर लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं दबतं.

मालक गप्प. काका एवढंच म्हणतात, "झिला, लाकूड आतून भिजलला आसा. वरसून कायय लावलंस तरी कुजतलाच."

(दृश्य : जुनी होडी, काळपट चकाकी. डब्यातलं दाट काळं तेल, काथ्याचा बोळा.)

होडीला वरून काहीतरी फासायची रीत फार जुनी. कोकणात त्यासाठी जे हाताशी होतं ते वापरलं गेलं. किनाऱ्यावरच्या उंडीच्या बियांचं कडू तेल, माशाचं तेल, चुना, राळ, डांबर आणि काजूच्या टरफलाचं तेल.

या काजूच्या तेलापाशी जरा थांबायला हवं. काजूच्या टरफलाच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरं असतात आणि त्यांत हे दाट, काळपट तेल भरलेलं असतं. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उतला म्हणजे काय होतं हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. काजूचं तेलही तसंच कातडी भाजतं. म्हणून काजू सोलणाऱ्या बायका हातांना खोबरेल किंवा राख लावून बसतात. जे माणसाच्या कातडीला सोसत नाही, ते लाकडातल्या किडीला आणि बुरशीलाही सोसत नाही, असा हा सगळा हिशोब. तेल लाकडात मुरतं, वाळतं आणि वरचा थर जरासा चिवट होतो. पण काच होत नाही. लाकूड फुगलं की थरही ताणला जातो, लाकूड आक्रसलं की तोही आक्रसतो.

खोट एकच. दर वर्षी लावावं लागतं. होडी ओढा, उपडी घाला, शेवाळ आणि शंख-शिंपले खरवडा, उन्हात तापवा, तेल पाजा. "पाजा" हा शब्द माझा नाही, किनाऱ्यावरचाच आहे. होडी तेल पिते.

(दृश्य : पोखरलेल्या लाकडाचा तुकडा हातात. भोकांच्या आत पांढरं अस्तर.)

हा उद्योग कशासाठी? तर याच्यासाठी. हे काम टेरेडोचं. इंग्रज त्याला जहाजाचा किडा म्हणत आले, पण तो किडा नाहीच. तो शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे, फक्त त्याचं अंग लांबलचक आणि शिंपल्यांची जोडी तोंडाशी उरलेली, तीही किसणीसारखी. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून तो पिल्लू असताना आत शिरतो आणि आतच वाढत जातो. स्वतःच्या बोगद्याला चुन्याचं अस्तरही देतो. बाहेरून फळी धड दिसते, आत चाळण झालेली असते. १७३१ साली याच प्राण्याने हॉलंडमधल्या समुद्रबांधांची लाकडं पोखरून त्या देशाची झोप उडवली होती.

त्याचा एक कच्चा दुवा आहे. गोड्या पाण्यात तो तग धरत नाही, आणि लाकूड पुरतं वाळलं की मरतो. रोज पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, ओढून ठेवल्या जाणाऱ्या होड्यांना म्हणूनच त्याचा त्रास कमी. जी होडी बारा महिने खाडीत नांगरलेली, तिला जास्त.

यावर बड्या जहाजांनी धातूचं कवच करून पाहिलं. १७६१ साली इंग्रजांच्या आरमाराने 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. टेरेडो थांबला, शंख-शिंपलेही कमी धरले. दोन वर्षांनी तळ तपासला तर पत्रे बऱ्याच ठिकाणी सुटलेले, कारण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळेच गंजून गेले होते. तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकत्र आले की लोखंड झिजतं. गंमत अशी, की पत्रे ज्या कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी चुकून तसाच राहिला होता. तिथले खिळे शाबूत होते.

(दृश्य : फायबरची मॅट कापली जाते. रेझिनचा डबा, रोलर.)

आता आपल्या निळ्या होडीकडे येऊ.

फायबर मारणं म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट लाकडावर अंथरायची आणि ती रेझिनने, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने, भिजवायची. बाजारात स्वस्त मिळतं ते पॉलिएस्टर रेझिन. ते घट्ट व्हावं म्हणून त्याच्यासोबत दोन छोट्या बाटल्या येतात, कोबाल्ट आणि कॅटालिस्ट. (जाता जाता : या दोन बाटल्या एकमेकींत थेट कधीही ओतू नका, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायची, मगच दुसरी.)

पूर्णपणे फायबरच्या होडीसाठी पॉलिएस्टर उत्तम. लाकडावर मात्र त्याची पकड कच्ची. त्यातून साग. सागाच्या अंगात स्वतःचं तेल असतं, त्याच्याच जोरावर तो पाण्यात टिकतो, आणि तेच तेल रेझिनला चिकटू देत नाही. इपॉक्सी हे दुसरं रेझिन महाग, पण लाकडाला धरतं. साग असेल तर घासल्यावर ॲसिटोनने पुसून लगेच पहिला हात द्यायचा, तेल पुन्हा वर यायच्या आत.

पण निळी होडी केवळ स्वस्त रेझिनमुळे कुजली असं मी म्हणणार नाही. खरी अडचण तिच्या बांधणीत होती.

लाकूड मेलं तरी हलायचं थांबत नाही. पाणी प्यालं की ते आडवं फुगतं, वाळलं की आक्रसतं. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत मात्र चांगलंच. ओला साग पूर्ण वाळवला तर रुंदीत पाचसहा टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, आणि साग तर शहाण्या, म्हणजे कमी हलणाऱ्या, लाकडांत मोडतो. फळ्यांची होडी या हलण्यावरच उभी असते. सांध्यांत कापूस ठोकलेला असतो, होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप घट्ट मिटतात. उन्हाळाभर बाहेर राहिलेली होडी पहिल्या दिवशी गळते आणि दुसऱ्या दिवशी गळायची थांबते, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असतं.

गोव्याकडच्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या तर त्याहून पुढच्या. फळ्या काथ्याने शिवलेल्या. लाट आदळली की अख्खी होडी किंचित वाकते आणि सरळ होते. अजिंठ्यातल्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं 'कौंडिण्य' हे शिवणीचं जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं, तेही याच तत्त्वावर.

अशा हलत्या अंगावर काचेचा कडक अंगरखा चढवला तर काय होणार? फळ्या हलणार, अंगरखा नाही. सांध्यावर केसाएवढी चीर पडते. त्या चिरेतून पाणी आत जातं आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते. त्यात होडीच्या आतली बाजू उघडी, तिथे ओली जाळी, मासळी, पावसाचं पाणी. पावसाचं पाणी सर्वांत वाईट. खाऱ्या पाण्यात बुरशीला जड जातं, गोड्या पाण्यात तिचं आयतं फावतं.

(दृश्य : एकाच ओंडक्यातून कोरलेली छोटी होडी. शेजारी प्लायवूडची डिंगी.)

मग फायबर कुणाला मानवतं? एकाच ओंडक्यातून कोरलेल्या होडीला बरं मानवतं, सांधेच नाहीत. चांगल्या प्लायवूडच्या होडीला तर फारच, कारण तिथे उभे-आडवे थर एकमेकांना हलू देत नाहीत. कोचीची केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्था यावर बरीच वर्षं काम करत आली आहे. रबराच्या झाडाचं लाकूड स्वस्त, पण समुद्रात लगेच कुजणारं. त्यांनी आधी त्यात औषध मुरवलं, मग वरून फायबर चढवलं आणि कामाच्या होड्या करून दाखवल्या. आधी औषध, मग कवच. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं : होडी गळायला लागली की फायबर आठवतं.

आणि कधी आठवतं? जून-जुलैत, मासेमारी बंदीच्या दिवसांत. होडी रिकामी, हातही रिकामे. पण तेव्हा कोकणात हवाच इतकी ओली की लाकूड वाळणार कसं? इपॉक्सी घालायचं तर लाकडातला ओलावा बारा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा. पावसात ते ताडपत्रीखाली होत नाही. होडी मार्च-एप्रिलमध्ये बाहेर काढावी लागते, आणि नेमका तेव्हा धंदा असतो. माझ्या मते फसलेल्या निम्म्या फायबरचं कारण रेझिनच्या डब्यात नसून कॅलेंडरात सापडेल.

(दृश्य : दुपार कलते. लाकडावर रेझिनचा पातळ हात. जवळून : पृष्ठभागावर एकही बुडबुडा नाही.)

काकांचा मुलगा इपॉक्सीचं काम शिकून आलाय. तो सकाळी हात लावत नाही. विचारलं तर हसून म्हणतो, दुपार कलू द्या. कारण साधं आहे. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढत वर येते. वाळल्यावर तिथे सुईएवढी भोकं राहतात, आणि टेरेडोला तेवढं दार पुरतं. दुपारनंतर लाकूड निवू लागतं, हवा आक्रसते आणि रेझिनला आत ओढून घेते.

तो रेझिन पसरट थाळ्यात ओततो, डब्यात ठेवत नाही. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर येतो आणि बघता बघता दगड होतो. फळीच्या कापलेल्या टोकांना तो तीन हात देतो. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः टोकांनी. सगळं झालं की वर रंग हवाच, कारण इपॉक्सी पाण्याला पुरून उरतं, उन्हाला नाही.

वजनाचाही विचार करा. एका चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट साधारण एक किलो रेझिन पिते. दोन थर म्हणजे तीन किलोच्या आसपास. दहा चौरस मीटरच्या होडीवर झाले तीस किलो. चौघांनी ओढायच्या होडीला पाचवा माणूस लागतो.

अलीकडे ट्रकच्या हौद्यात मारतात तसा पॉलियुरियाचा फवाराही काही जण होडीला मारून घेऊ लागलेत. रबरासारखा चिवट, काही सेकंदांत घट्ट होणारा. खडकावर घासलं तरी सहसा फाटत नाही. पण ओल्या लाकडाचं गणित तिथेही तेच आणि वजन वेगळं. शिवाय एकदा मारलं की आतलं लाकूड बघायला ते सोलून काढणं म्हणजे शिक्षा. आणि यातलं कुठलंच कवच शंख-शिंपले रोखत नाही. त्यासाठी तांब्याचा रंग वेगळा लावावा लागतो.

(दृश्य : हार्डनरचा डबा. शेजारी मूठभर काजूची टरफलं.)

एक मात्र मला फार आवडलं. ओलसर पृष्ठभागावरही धरणारे काही इपॉक्सी हार्डनर, म्हणजे इपॉक्सीत मिसळून ते घट्ट करणारे द्रव, आज बड्या जहाजांच्या रंगात वापरतात. ते कशापासून बनतात? काजूच्या टरफलाच्या तेलापासून. आजोबा काथ्याच्या बोळ्याने जे होडीला पाजायचे, तेच कारखान्यात जाऊन, नाव बदलून डब्यात परत आलंय.

(दृश्य : निळी होडी. फायबर सोललेलं, फळ्या उघड्या, दोन फळ्या नव्या कोऱ्या.)

निळ्या होडीचं फायबर सगळं निघालं. काढायला चार दिवस लागले. दोन फळ्या बदलल्या, बाकीच्या उन्हात सुकताहेत. मालकाने पुन्हा फायबरचं नाव काढलं नाही, तेलावर यायचं ठरलंय.

काका आता पठाणाखाली, म्हणजे होडीच्या कण्याखाली, एक साधी पट्टी ठोकताहेत. हलक्या लाकडाची. होडी पुळणीवर ओढताना घासायचं ते तिने घासायचं. प्रत्येक खिळ्याचं भोक आधी तेलाने भरतात, मग खिळा. मालक विचारतो, "काका, ही कितके दिवस टिकतली?"

"एक वरीस," काका म्हणतात, आणि पुढचा खिळा तेलात बुडवतात.