बडा घर, पोकळ वासा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ‘बडा घर, पोकळ वासा’ या म्हणीबद्दल. अर्थ तुम्हाला ठाऊकच आहे. पण जरा तोंडात घोळवून बघा. मराठीत घर म्हणजे ‘ते घर’, मोठं घर. ‘बडा घर’ ही चाल हिंदीची. वासा मात्र आपला. अर्धी म्हण हिंदी, अर्धी मराठी, अगदी आपल्या इंदूरसारखी. म्हणून माझा तिच्यावर जीव आहे.

हल्ली वर्तमानपत्रांत याच अर्थानं ‘कागदी वाघ’ छापतात. तो चीनमधला. १९४६ साली ॲना लुईस स्ट्राँग या अमेरिकन पत्रकार बाईंना मुलाखत देताना माओंनी अणुबॉम्बला कागदी वाघ म्हटलं आणि तो शब्द जगभर गेला. पण मला वाटतं, आपली म्हण जास्त खोल आहे. कागदाचा वाघ जवळ गेलं की कळतो. पोकळ वाशाखाली आपण वर्षानुवर्षं निवांत झोपतो.

आमचा रामबागेतला वाडा. दिवाणखान्यापासून माजघरापर्यंत एकच तुळई गेलेली, सागवानी, माझ्या कवेत न मावणारी. पाहुणा आला की काका आधी तुळई दाखवायचे, मग पाणी विचारायचे. माजघरात तिच्याखाली एक वाकडा बाभळीचा खांब होता. आजी त्याला दोरी बांधून ताक घुसळायची. काकांनी तो दोनदा काढायला घेतला. “माझी रवी कुठं बांधू?” म्हणून आजीनं दोनदा अडवला.

भावाला मुलगी झाली. बारशाचा पाळणा तुळईच्या कडीलाच टांगायचा, असं काकांनी ठरवलं. कडी तपासायला मिस्त्री आला. शिडीवर चढून त्यानं हातोडीच्या दांड्यानं ठोकलं. भिंतीपाशी ‘ठण’. सरकत मधे आला, तर ‘ढप’. पुन्हा ठोकलं, पुन्हा ‘ढप’. पेचकस टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला! “भैया, ये तो पूरी पोली है।” आणि खाली पांढऱ्या चादरीवर भसाभस माती.

वाळवी अशीच खाते. तिला उजेड नको, म्हणून वरचा पापुद्रा राखून आतलं लाकूड संपवते. रंग तसाच, गोलाई तशीच. जुन्या घरात राहणाऱ्यांनो, भिंतीवर मातीची रेघ दिसली तर नुसती पुसू नका, लाकूड ठोकून बघा. डोळ्यांनी नाही, कानानं बघा. आणि जुन्या लाकडाखाली ते पीओपीचं छत मारू नका हो! आत काय चाललंय ते दिसायचं कसं?

मिस्त्री माजघरात गेला. बाभळीच्या खांबाला हात लावून म्हणाला, “सारा बोझ तो इसपे है।”

काका बराच वेळ पाटावर बसून होते. संध्याकाळी त्यांनी स्वतः तो खांब धुतला, हळदकुंकू लावलं. दिवाणखाना बंद केला. तुळईला टेकू लागले, घरातली सगळी मंडळी मागच्या अंगणात हलली आणि बारसं तिथंच, लोखंडी स्टँडच्या पाळण्यात झालं. मी आत्या. बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी माझ्या पाठीवर धपाटे घातले, आणि आजीनं सगळ्यांना त्याच खांबाशी घुसळलेलं ताक दिलं.