भिरुडाच्या मागावर

श्रोतेहो, नमस्कार. भिरूड आणि रोठा ही नावे कोकणातल्या बागायतदाराला नव्याने सांगावी लागत नाहीत. हापूसच्या कलमाच्या बुंध्याशी भुशाचा सडा दिसला, की आत भिरुडाची बोटाएवढी पांढुरकी अळी लाकूड पोखरत आहे हे आपण ओळखतो. काजूच्या मुळाशी भुसा आणि डिंक दिसला, की रोठ्याचे नाव घेतो. दोन्ही किडे लांब मिशांच्या भुंग्यांच्या एकाच कुळातले आहेत. आज मात्र मला बोलायचे आहे ते अशा लाकूड पोखरणाऱ्या अळ्यांवर वाढणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्यांविषयी, आणि त्यातही त्या ओळखायच्या कशा, याविषयी.

गांधीलमाशी म्हटले की पोळे करून राहणारी आणि डिवचली तर डंख करणारी माशी डोळ्यांपुढे येते. या माश्या एकेकट्या फिरतात आणि पोळे बांधत नाहीत. मादी लाकडाच्या आत दडलेल्या अळीला बहुधा आधी डंखाने लुळी पाडते, तिच्या अंगावर किंवा जवळ अंडे घालते, आणि अंड्यातून निघालेले पिल्लू त्या अळीवर पोसले जाते.

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर असंख्य झाडे आडवी झाली. आमच्या परसातला एक रायवळ आंबाही त्यातच पडला आणि, खोड फोडायला माणूस न मिळाल्यामुळे, वर्षभर तसाच पडून राहिला. त्या खोडावर एका सकाळी मला तांबड्या अंगाची, काळ्या पंखांची एक माशी दिसली. ती मिशांच्या टोकांनी सालीवर टकटक करीत पावलापावलाने सरकत होती. एका जागी ती थांबली, तिने पोट वर उचलले, पाठीमागे लोंबणारी लांब नळी पायांच्या मधून आणून सालीवर उभी रोवली आणि अंग किंचित डोलवीत ती नळी लाकडात उतरवू लागली. दुरून पाहणाऱ्याला अशा माशीला तीन शेपट्या असल्याचे वाटते. त्यांतला मधला धागा म्हणजे अंडी घालण्याची खरी नळी, आणि बाजूचे दोन म्हणजे तिची म्यान. ही नळीसुद्धा तीन पात्यांची असते. पाती एकमेकांवर खोबणीत सरकतात, म्हणून केसाएवढी नळी लाकडात शिरू शकते. काही जातींत तिच्या टोकाला जस्त किंवा मँगनीज या धातूंचा अंश असल्याने ते विशेष कठीण होते.

कूळ ओळखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. पुढच्या पंखाच्या मध्यापलीकडे मागच्या कडेकडे उतरणाऱ्या आडव्या शिरा मोजाव्यात. त्या दोन असतील तर माशी बहुधा इक्न्यूमोनिडी कुळातली, आणि एकच असेल तर ब्रॅकोनिडी कुळातली समजावी. इक्न्यूमोनिडीच्या पंखात शिरांनी वेढलेला एक मोठा कप्पा घोड्याच्या तोंडासारखा दिसतो. एकदा तो नजरेत भरला की पुन्हा शिरा मोजाव्या लागत नाहीत. ब्रॅकोनिडीत पोटाची दुसरी आणि तिसरी पाठपट्टी एकमेकींना घट्ट जोडलेली असते. माझी तांबडी माशी या दुसऱ्या कुळातली निघाली.

मान लांब, मागच्या मांड्या फुगीर आणि दातेरी, आणि कपाळावर मधल्या साध्या डोळ्याभोवती पाच टेंगळांचा मुकुट असेल, तर ती स्टेफॅनिडी कुळातली माशी होय. तिला ओळखण्यात सहसा चूक होत नाही. बेथिलिडी कुळातल्या माश्या मात्र मुंग्या समजून सोडून दिल्या जातात. काजूच्या खोडकिड्यावर वाढणाऱ्या ॲपेनेसिया सह्याद्रिका या माशीच्या मादीला पंखच नसतात, आणि भुशाने भरलेल्या अरुंद बोगद्यातून सरपटायला तिचे चपटे अंग सोयीचे पडते.

माझी स्वतःची फसगत झाली ती कंबरेच्या खुणेवर. ज्यांचे पोट धडाच्या खालच्या टोकाला न जोडता उंच, जवळजवळ पाठीवर जोडलेले असते, अशा माश्यांपैकी ऑलॅसिडी कुळातल्या लाकडातल्या अळ्यांवर वाढतात. तशीच उंच कंबर पाहून सरपणाच्या राशीवर घिरट्या घालणाऱ्या एका माशीला मी ऑलॅसिडी ठरवून मोकळा झालो. मागच्या नडग्या गदेसारख्या फुगीर आहेत, हे मी पाहिलेच नव्हते. ती गॅस्टेरुप्टिडी कुळातली होती. भुंग्यांनी पाडलेल्या जुन्या भोकांत एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची घरे ती शोधत होती. लाकडातल्या अळ्यांशी तिला काही कर्तव्य नव्हते.

म्हणून माशी लाकडावर दिसली एवढ्यावरून तिचे भक्ष्य ठरवू नये. त्यासाठी पोखरलेल्या फांदीचे हातभर तुकडे झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि डब्याला भोक पाडून त्यात पारदर्शक बाटली उलटी बसवावी. बाहेर पडणारे कीटक उजेडाकडे जातात आणि बाटलीत सापडतात. जिवंत कलमातली अळी मात्र तारेच्या आकड्याने काढावी हेच बरे. माशीच्या भरवशावर कलम सोडणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

एकाच तुकड्यात दोन-तीन प्रकारच्या अळ्या असू शकतात, त्यामुळे बाटलीवरही सगळे सोपवता येत नाही. मी रायवळाच्या फांदीचा तुकडा शेवटी कोयत्याने उभा चिरला. एका बोगद्याच्या टोकाला कागदासारखा पातळ, तपकिरी कोष होता, एका बाजूने कुरतडून उघडलेला. आणि त्याला चिकटून एका लहान भुंग्याच्या अळीचे कातडे, टणक डोके आणि काळे जबडे शाबूत होते. कोष आणि जबडे मी माशीच्याच कुपीत, मद्यार्कात ठेवले, आणि झाड, गाव व तारीख पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत सोडली. शाईने लिहिली असती तर ती विरघळली असती.